कोपराची उंची

लिफ्टला वर जायचं तर नाणं लागतं,
खाली यायला फुकट.
म्हणून एका नाण्यात सगळी पोती कोंबतो,
नवाचं बटण दाबतो
आणि मला जागा उरत नाही, तो मी जिन्याने निघतो.
सहाव्यावर इझोल्दा दार किलकिलं करून विचारते,
"ओतार, या वयात दुसरं लग्न की काय?"
मी म्हणतो, ओटा घालतोय.
तिला दोन्ही सारखंच अशक्य वाटतं.

नऊशे लारी. पैसे एवढेच.
इटलीतून नानुली जे पाठवते त्याला हात लावायचा नाही,
ही माझी मलाच घातलेली अट.
ते लेकीच्या फीचे, गॅसचे, माझ्या गुडघ्याचे.
हे नऊशे माझे :
चार टायर विकले.
गाडी आधीच गेली होती.

तिबिलिसीत नदीकाठच्या जुन्या बाजारात
मोडलेल्या घरांचे अवयव मिळतात.
कुणाचा नळ, कुणाची खिडकी,
कुणाच्या संसाराचं सिंक. पस्तीसला घेतलं.
कोपऱ्याचा टवका उडालाय,
ती बाजू भिंतीकडे फिरवली की कोरं करकरीत.
टाइल्स तीन दुकानांतल्या उरल्यासुरल्या.
तिघंही शपथेवर म्हणाले, हाच तो निळा.
दिवसा तिघंही खोटे ठरतात,
रात्री बल्बखाली खरे.

ओट्याला दार वापरलं, लेकीच्या खोलीचं.
ती शिकायला बातुमीला,
आणि रिकाम्या खोलीला लपवण्यासारखं काय असतं?
मुठीच्या जागी भोक होतं ते बुजवलं.
हात फिरवला तर अजून कळतं.

छताचं मात्र जमलं नाही.
पांढऱ्याचे तीन हात दिले,
तिन्ही वेळा काळा डाग वर आला,
सकाळी, माझ्या चहाच्या आधी.
ज्या हिवाळ्यांत वीज नव्हती
त्या हिवाळ्यांत रॉकेलचा स्टोव्ह इथेच जळायचा.
नानुली त्यावर मक्याच्या भाकऱ्या भाजायची,
आणि सगळी बिल्डिंग एका सुरात खोकायची.
रंगवाला म्हणाला, आधी खास अस्तर मारा, काजळी दबते.
सत्तर लारी.
मी म्हटलं, राहू दे,
तिला ओळखीचं काहीतरी दिसायला हवं.
(खरं कारण सत्तर लारी.)

परवा तिला फोन केला :
जमिनीपासून तुझं कोपर किती उंच आहे?
"प्यायलायस का?"
नाही.
मग शांतता. मग खुर्ची सरकल्याचा आवाज,
शिवणाच्या डब्याचं झाकण,
आणि ती जिची उठबस करते त्या ब्याण्णव वर्षांच्या बाईने
टेपचं टोक म्हणे आपल्या चपलेखाली दाबून धरलं.
सत्त्याण्णव.

मी शंभर धरून पाय कापले होते.
तिला डोळ्यांसमोर उभी करून
भिंतीवर पेन्सिलीने खूणही केली होती.
परत मोज, म्हटलं, टेप ताणलेली असेल.
परत सत्त्याण्णव.
"का विचारतोयस?"
सहज.
सहा वर्षं दुसऱ्याचं म्हातारपण
पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर उचलायचं;
त्यात तीन सेंटिमीटर कधी झिजले
याचा हिशेब कुठल्याच वहीत नाही.
की माझीच आठवण उंच झाली?

रात्री करवत काढली.
चार पाय, चार चकत्या.
खालच्या मजल्यावरून काठीने ठोकलं कुणीतरी,
मी थांबलो नाही.
एक चकती शेगडीखाली लागली, तिथे जमीन खचलीय.
उरलेल्या तीन खिडकीत ठेवल्यात,
विचारलं तर सांगेन, कपबशीखाली घ्यायला.

शुक्रवारी पहाटे विमान.
नाणं खिशात वेगळं काढून ठेवलंय.
एका नाण्यात दोघं आणि तिची बॅग
मावायला हवी.